वेबसाइटवर माणसं येतात कुठून?

देवगडच्या एखाद्या आंबा बागायतदाराने स्वतःची वेबसाइट काढली आहे असं धरून चालू. मधला दलाल टाळून पेटी सरळ पुण्या-मुंबईच्या घरात पोचवायची, एवढाच तिचा हेतू. पाडव्याला बुकिंग सुरू होतं, फेसबुकवर थोडी जाहिरात दिली जाते, जुन्या ग्राहकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर दरपत्रकाची लिंक टाकली जाते, गुगलवर नाव दिसावं म्हणून चार लेख लिहिले जातात. जून उजाडतो, बाग मोकळी होते आणि मालक गुगल ॲनालिटिक्स उघडून बसतो. माणसं कुठून आली याचा तक्ता समोर येतो. सगळ्यांत वर, बाकीच्यांना बरंच मागे टाकून, ‘डायरेक्ट’ ही ओळ असते. त्याखाली गुगल, मग फेसबुक. व्हॉट्सॲपच्या नावाची ओळ जवळपास नसतेच. यावरून जो अर्थ काढला जातो तो अगदी सरळ वाटतो: आपलं नाव आता लोकांच्या तोंडी बसलंय, ते पत्ता टाइप करून येतात, फेसबुकचा थोडाफार उपयोग झाला, आणि ग्रुपांवर लिंका टाकण्यात घालवलेला वेळ वाया गेला. मग पुढच्या हंगामात ग्रुप बंद होतात आणि तो वेळ व पैसा जाहिरातीकडे वळतो. हा निर्णय बहुतेक वेळा चुकतो. तक्त्यातले आकडे खोटे असतात असं नाही. पण माणूस कुठून आला हे त्या तक्त्याला ठाऊकच नसतं. येताना त्याच्यासोबत कोणता पुरावा आला, तेवढंच ठाऊक असतं. हा फरक ध्यानात ठेवून तक्ता कसा वाचायचा, आणि पुरावा कमी पडतो तिथे तो आपण कसा पुरवायचा, हे इथे सविस्तर पाहू.

पुरावा मुख्यतः दोन प्रकारांनी येतो. पहिला ब्राउझर आपणहून देतो. एका पानावरची लिंक दाबून माणूस दुसऱ्या पानावर गेला, की ब्राउझर त्या दुसऱ्या पानाला कळवतो की हा अमुक पानावरून आला. पाकिटाच्या मागे पाठवणाऱ्याचा पत्ता लिहावा तशी ही नोंद असते. तिला रेफरर म्हणतात, आणि १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपीच्या पहिल्या आवृत्तीच्या दस्तऐवजातही ती आहे. दुसरा पुरावा लिंकच्या पत्त्यातच असतो: लिंक बनवणाऱ्याने पत्त्याच्या शेवटी जोडलेल्या खुणा. दोन्हींपैकी काहीच आलं नाही, तर ॲनालिटिक्स ती भेट ‘डायरेक्ट’मध्ये टाकतं. म्हणजे पत्ता टाइप करणारा आणि बुकमार्क दाबणारा या रकान्यात येतोच. पण फोनमधल्या एखाद्या ॲपमधून लिंक दाबणारा, पीडीएफमधली लिंक उघडणारा, संगणकावरच्या मेल-प्रोग्राममधून येणारा, असे कितीतरी जण तिथेच जमा होतात. ॲप हे वेबपान नसल्यामुळे पाठवणाऱ्याचा पत्ता लिहायला तिथे पत्ताच नसतो. शिवाय रेफरर आला तरी तो आता त्रोटक असतो. २०२० मध्ये क्रोमने आणि पुढच्या वर्षी फायरफॉक्सने मूळ नियम बदलला, त्यामुळे दुसऱ्या वेबसाइटकडे जाताना पूर्ण पानाचा पत्ता न जाता फक्त वेबसाइटचं नाव जातं. एखाद्या वर्तमानपत्राच्या वेबसाइटवरून माणसं आली हे कळतं. कोणत्या बातमीतून आली ते कळत नाही.

‘डायरेक्ट’मध्ये न ओळखलेली माणसं किती असतात याबद्दल नुसते तर्क लढवायची गरज नाही, दोन प्रयोग उपलब्ध आहेत. २०१४ मध्ये ग्रुपॉन या अमेरिकी कंपनीने एका दिवशी काही तासांसाठी स्वतःची वेबसाइट गुगलच्या शोधातून पूर्ण काढून टाकली. शोधातून येणारी माणसं थांबली, ते अपेक्षितच होतं. पण त्याच तासांत लांबलचक पत्ते असलेल्या पानांवरची ‘डायरेक्ट’ भेटीही सुमारे ६० टक्क्यांनी घसरल्या. थेट आलेली म्हणून मोजली गेलेली ती माणसं खरं तर शोधातून येत होती. दुसरा प्रयोग २०२३ मधला, स्पार्कटोरो या कंपनीने केलेला. वेगवेगळ्या समाजमाध्यमांवर लिंका टाकून, माणसांकडून त्या दाबून घेऊन, ॲनालिटिक्स त्या भेटी कशा नोंदवतं ते पाहिलं गेलं. टिकटॉक, स्लॅक, डिस्कॉर्ड, मॅस्टोडॉन आणि व्हॉट्सॲप या पाच ठिकाणांहून आलेल्या सगळ्याच्या सगळ्या भेटी ‘डायरेक्ट’ म्हणून नोंदल्या गेल्या. फेसबुक मेसेंजरवरून आलेल्या तीन चतुर्थांश भेटींचंही तेच झालं. त्याआधी २०१२ मध्ये ‘द अटलांटिक’ मासिकात ॲलेक्सिस मॅड्रिगल यांनी हे दाखवून दिलं होतं की लोक एकमेकांना खासगीत जे पाठवतात ते मोजणाऱ्यांच्या नजरेआड राहतं, आणि त्याचं प्रमाण लहान नाही. आता ही यादी मराठी वेबसाइटला लावून पाहा. आपल्याकडे लिंक फिरते ती सोसायटीच्या ग्रुपवर, माहेरच्या ग्रुपवर, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर. ज्या वाटेने मराठी माणूस सगळ्यांत जास्त लिंका पाठवतो, तीच वाट तक्त्यात दिसत नाही. म्हणून अमेरिकी दुकानदारासाठी लिहिलेला सल्ला जसाच्या तसा उचलला तर आपल्याकडे जास्तच फसगत होते.

यावर कोणी म्हणेल, काही माणसं खरोखर पत्ता टाइप करून येतच असतील की; तीही नाकारायची का? अजिबात नाही. त्यांना वेगळं काढायचं, आणि ते काढता येतं. ‘डायरेक्ट’ची ओळ निवडा आणि तिच्यापुढे लँडिंग पेज, म्हणजे माणूस सगळ्यांत आधी ज्या पानावर उतरला ते पान, लावा. जे मुखपृष्ठावर उतरले त्यांच्याबद्दल ‘नाव ठाऊक असलेला ग्राहक’ म्हणायला जागा आहे. पण जे ‘पाच डझनाची पेटी, पुणे घरपोच’ असल्या आतल्या पानावर थेट उतरले, त्यांनी तो लांब पत्ता बोटांनी टाइप केला असण्याची शक्यता नाही. त्यांना कोणीतरी लिंक पाठवली. पानाचा पत्ता देवनागरीत ठेवलेला असेल तर हा तर्क आणखी पक्का होतो. देवनागरी पत्ता कॉपी करून मेसेजमध्ये टाकला की पुष्कळदा प्रत्येक अक्षरचिन्हाच्या जागी टक्क्याची चिन्हं, रोमन अक्षरं आणि आकडे मिळून नऊ चिन्हांचा तुकडा येतो. वीस चिन्हांच्या शीर्षकाचा पत्ता पावणेदोनशेच्या पुढे जातो. तो कोणी टाइप करत नाही. आणखी एक गोष्ट या विभागणीला बळ देते. त्याच ब्राउझरमधून आधी ओळखीच्या वाटेने आलेला माणूस काही दिवसांनी थेट आला, तर गुगल ॲनालिटिक्स ती नवी भेट सहसा जुन्या वाटेच्याच नावावर लावतं. त्यामुळे रोजचा ओळखीचा ग्राहक या रकान्यात वाटतो तितका नसतो.

वेळेकडेही पाहा. पत्ता पाठ असलेले ग्राहक दिवसभर थोडे थोडे येतात. ग्रुपवर पडलेली लिंक मात्र आकड्यांत उसळी म्हणून दिसते: दोन-तीन तासांत एकाच पानावर, बहुतांश मोबाइलवरून, नव्या माणसांची गर्दी, आणि रात्रीपर्यंत सगळं शांत. अशी उसळी दिसली की त्या दिवशी आपण कुठे काय पाठवलं होतं ते तपासायचं. काहीच पाठवलं नसेल तर दुसऱ्या कोणीतरी आपल्यासाठी ते काम केलेलं असतं, आणि ती बातमी जास्त मोलाची. ज्यांना आपल्या सर्व्हरचा लॉग, म्हणजे त्याच्याकडे आलेल्या प्रत्येक विनंतीची नोंद, पाहता येते त्यांना इथे एक सूक्ष्म खूणही सापडते. मेसेजमध्ये लिंक पेस्ट केली की खाली चित्र आणि शीर्षक दिसतं, ते आणण्यासाठी पाठवणाऱ्याच्या फोनमधलं व्हॉट्सॲप आपल्या पानाकडे एक विनंती धाडतं. लॉगमध्ये ती विनंती व्हॉट्सॲपच्या नावानेच उमटते. ॲनालिटिक्सच्या तक्त्यात ती येत नाही, कारण ती कुणा वाचकाची भेट नसते. पण लिंक कोणत्या पानाची आणि कोणत्या वेळी पेस्ट होते आहे, हे तिच्यावरून समजतं. होस्टिंगवाल्याकडे हा लॉग मागून घ्यावा. तो द्यायला सहसा कोणी नाही म्हणत नाही.

इथपर्यंत झालं ते अंदाजाचं वाचन. खरा उपाय म्हणजे आपण स्वतः पाठवतो त्या प्रत्येक लिंकवर खूण घालणं. या खुणांना यूटीएम म्हणतात. हे नाव अर्चिन या कंपनीकडून आलं. गुगलने २००५ मध्ये ती विकत घेतली आणि त्याच वर्षी तिच्या सॉफ्टवेअरमधून गुगल ॲनालिटिक्स उभं राहिलं. मूळ खुणा पाच आहेत, पण छोट्या वेबसाइटला तीन पुरतात: सोर्स, म्हणजे कुठून, मीडियम, म्हणजे कोणत्या प्रकारच्या वाटेने, आणि कॅम्पेन, म्हणजे कोणत्या निमित्ताने. बागायतदाराने पाडव्याच्या बुकिंगची लिंक जुन्या ग्राहकांच्या ग्रुपवर टाकायची असेल तर पानाच्या पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह देऊन सोर्स व्हॉट्सॲप, मीडियम सोशल, कॅम्पेन पाडवा-बुकिंग अशा खुणा रोमन लिपीत जोडाव्यात. हीच लिंक फेसबुक पानावर टाकताना सोर्स बदलावा. मेलने पाठवताना सोर्स आणि मीडियम दोन्ही. लिंक तयार करून देणारं फुकट साधन गुगलनेच ठेवलेलं आहे, त्यामुळे हाताने लिहिण्याची गरज नाही. मात्र दोन ठिकाणी हमखास गोंधळ होतो. एक, लहान आणि मोठी रोमन अक्षरं ॲनालिटिक्सच्या लेखी वेगळी आहेत. एकाने पहिलं अक्षर मोठं लिहिलं आणि दुसऱ्याने लहान, की व्हॉट्सॲपच्या दोन ओळी होतात आणि बेरीज फसते. म्हणून सगळं लहान अक्षरांत, असा नियमच करावा. दोन, मीडियमची नावं मनाने ठरवू नयेत. ॲनालिटिक्स भेटींचे गट पाडतं ते ठरावीक नावं ओळखून. मेलसाठी ‘ईमेल’, समाजमाध्यमासाठी ‘सोशल’ अशी ती आहेत. तिथे ‘ग्रुप’ किंवा ‘फॉरवर्ड’ असं काही लिहिलं तर भेट ‘अनअसाइन्ड’ या रकान्यात जाऊन पडू शकते आणि आपण एका अंधारातून निघून दुसऱ्यात जातो. कोणती नावं वापरली याचा एक तक्ता एक्सेलमध्ये ठेवा आणि लिंक बनवणाऱ्या प्रत्येकाला, मग तो पुतण्या असो की पगारी माणूस, तोच तक्ता वापरायला सांगा.

कागदावर छापलेल्या गोष्टींनाही हेच लागू आहे. पेटीवरच्या लेबलावर क्यूआर कोड असतो, दिवाळी अंकातल्या जाहिरातीत असतो, प्रदर्शनातल्या स्टॉलच्या बॅनरवर असतो. हे तिन्ही कोड एकाच साध्या पत्त्याचे असतील तर स्कॅन करून आलेला प्रत्येक जण ‘डायरेक्ट’मध्ये जाईल आणि दिवाळी अंकाला दिलेल्या पैशातून किती ग्राहक आले हे कधीच कळणार नाही. प्रत्येक ठिकाणचा कोड वेगळा करावा. छपाईचा खर्च तेवढाच राहतो. कोडच्या खाली छापण्यासाठी स्वतःच्याच वेबसाइटचा एखादा छोटा पत्ता ठेवावा आणि तो उघडला की माणूस आपोआप खुणांच्या लांब पत्त्यावर जाईल अशी सोय वेबसाइट बनवणाऱ्याकडून करून घ्यावी. एक पथ्य मात्र कडक पाळायचं: वेबसाइटच्या आतल्या आत, एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणाऱ्या लिंकांवर या खुणा कधीही लावायच्या नाहीत. तसं केलं की माणूस मुळात कुठून आला होता त्यावर आपणच आपल्या हाताने पांघरूण घालतो.

खुणांवर घेतले जाणारे आक्षेप खरे आहेत, पण त्यांना उत्तरं आहेत. पहिला आक्षेप असा की लांब, अगम्य लिंक पाहून लोक बिचकतात; फसवणुकीच्या मेसेजांचा सुळसुळाट झालेल्या काळात ही भीती रास्तच आहे. म्हणूनच वर सांगितलेला स्वतःच्या नावाचा छोटा पत्ता वापरावा. लिंक आखूड करून देणाऱ्या कुठल्या तरी परक्या सेवेचा पत्ता देण्यापेक्षा त्यावर लोक जास्त विश्वास ठेवतात. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मेलमधून खुणेची लिंक उघडलेला माणूस पत्त्याच्या पट्टीतून ती कॉपी करून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकतो; मग तिथून आलेले पंचवीस जणही मेलच्या नावावर जमा होतात. हे होतं, आणि यामुळे मेल वाजवीपेक्षा जास्त गुणवान दिसतो. उपाय असा, की भेटीची नोंद झाली की लगेच पत्त्याच्या पट्टीतून खुणा पुसून टाकाव्यात. वेबसाइट बनवणाऱ्यासाठी हे दोन-चार ओळींचं काम आहे. आणि पानावर व्हॉट्सॲपवर पाठवण्याचं बटण ठेवावं, ज्यातून जाणाऱ्या लिंकवर ‘वाचकाने पाठवलेली’ अशी वेगळी खूण असेल. ग्रुपवर आपण टाकलेली लिंक आणि ग्राहकाने आपणहून पाठवलेली लिंक यांची ओळ वेगळी झाली, की तोंडी प्रसिद्धीचा निदान काही भाग पहिल्यांदाच मोजणीत येतो. पूर्ण येणार नाही. पुष्कळ लोक बटण सोडून पत्ताच कॉपी करणार. पण दर महिन्याला हीच पद्धत ठेवली तर वाढ-घट कळते, आणि निर्णय घ्यायला तेवढं पुरतं.

आता गुगलच्या ओळीकडे. ‘ऑर्गॅनिक सर्च’ खाली मोठा आकडा दिसला की आपले लेख वाचून लोक आले असं वाटतं. त्यांनी कोणते शब्द शोधले हे ॲनालिटिक्समध्ये एकेकाळी दिसायचं. २०११ पासून गुगलने ते झाकायला सुरुवात केली आणि २०१३ पर्यंत जवळजवळ सगळं झाकलं गेलं. ते शब्द आता सर्च कन्सोल या गुगलच्याच वेगळ्या, फुकट साधनात पाहावे लागतात, आणि मराठी वेबसाइटवाल्यांपैकी फार थोडे जण ते उघडतात याची मला खंत वाटते. तिथली यादी दोन भागांत वाचावी. ‘हापूस आंबा पुणे घरपोच’, ‘आंब्याची पेटी किंमत’ असे शब्द टाकून आलेला माणूस आपल्याला ओळखत नव्हता. त्याला खरोखर शोधाने आणलं. पण बागेचं किंवा मालकाचं नाव टाकून आलेला माणूस आधीच कुठूनतरी नाव ऐकून आला आहे. शेजारच्या काकूंनी सांगितलं, त्याने नाव गुगलवर टाकलं, आणि श्रेय गुगलच्या ओळीत गेलं. नावाने होणारे शोध वाढत असतील तर ती तोंडी प्रसिद्धीची, पेटीतल्या फळाच्या दर्जाची वाढ आहे. त्याचं फळ लेखांच्या पदरात टाकू नये. शोध तपासताना देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिपींतल्या मराठीकडे पाहावं, कारण एकच माणूस कधी असं लिहितो, कधी तसं. गुगल मॅपवर व्यवसायाची नोंद असेल तर तिथल्या वेबसाइटच्या दुव्यालाही खूण लावावी. नाहीतर नकाशावरून आलेलं गिऱ्हाईकही शोधाच्याच ओळीत मिसळतं. चॅटजीपीटीसारख्या साधनांना विचारून येणारी माणसं आता दिसू लागली आहेत. चॅटजीपीटी आपल्या लिंकांना स्वतःच्या नावाची सोर्सची खूण बऱ्याचदा जोडतं, म्हणून ती ओळखू येतात. गुगलच्या पानावर वर दिसणाऱ्या एआय उत्तरातून आलेली माणसं मात्र नेहमीच्या गुगल शोधातच धरली जातात.

वेबसाइटवर पैसे घेणाऱ्यांनी एक गोष्ट आजच तपासावी. ग्राहक फेसबुकवरून येतो, पेटी निवडतो, पैसे भरायला पेमेंट गेटवेच्या किंवा बँकेच्या पानावर जातो आणि पैसे भरून ‘ऑर्डर मिळाली’ या आपल्या पानावर परततो. परतताना ब्राउझर प्रामाणिकपणे सांगतो की हा गेटवेच्या वेबसाइटवरून आला. मग विक्रीच्या तक्त्यात गेटवे हा आपला सगळ्यांत मोठा हितचिंतक होऊन बसतो आणि ज्या फेसबुकने किंवा मेलने ग्राहक आणला त्याच्या नावावर शून्य. ॲनालिटिक्सच्या सेटिंगमध्ये नको असलेल्या रेफररची यादी द्यायची सोय आहे; तिथे गेटवेचं आणि बँकांच्या पानांचं नाव घालावं. रेफररच्या तक्त्यात वरच्या दहा नावांत पैशाच्या व्यवहाराची कोणतीही वेबसाइट दिसत असेल, तर आजवरचे विक्रीचे सगळे निष्कर्ष पुन्हा तपासायला हवेत.

‘कुठून’ याचा दुसरा अर्थ गाव. ॲनालिटिक्स शहराचं नाव सांगतं ते इंटरनेट जोडणीच्या आयपी पत्त्यावरून काढलेल्या अंदाजाने. मोबाइलच्या जोडणीत हजारो फोन कंपनीच्या मोजक्या पत्त्यांमागून बाहेर पडतात, आणि ते पत्ते कंपनीच्या मोठ्या केंद्राच्या शहरात नोंदलेले असतात. त्यामुळे कणकवलीतला किंवा उदगीरमधला फोन मुंबईचा म्हणून मोजला जाऊ शकतो. ‘मुंबईचे ग्राहक वाढले’ म्हणून मुंबईत गोदाम घेण्याआधी डिलिव्हरीच्या पत्त्यांची वही उघडावी. ती या तक्त्यापेक्षा शंभरपट खरी. हा अंदाज किती चुकू शकतो याचं एक जगजाहीर उदाहरण अमेरिकेत आहे. मॅक्समाइंड या कंपनीला ज्या आयपी पत्त्यांचं ‘अमेरिका’ एवढंच ठाऊक होतं, ते सगळे तिने देशाच्या मध्यावर, कॅन्ससमधल्या एका शेताच्या जागी दाखवले. २०१६ मध्ये पत्रकार कश्मीर हिल यांनी हे उघड केलं, तोवर वर्षानुवर्षं त्या शेतावर पोलीस आणि चिडलेले लोक चोर शोधत येत होते. आपल्या तक्त्यात व्हर्जिनियातलं ॲशबर्न अचानक वर आलं, तर तिथे मराठी मंडळ स्थापन झालं असं धरू नये. तिथे मोठी डेटा सेंटरं आहेत आणि त्या भेटी बहुधा यंत्रांच्या असतात. शून्य सेकंद थांबणं ही त्यांची खूण. उलट सॅन होजे किंवा लंडनचं नाव दिसलं म्हणून ते टाकूनही देऊ नये. परदेशातली मुलं पुण्यातल्या आईवडिलांच्या घरी पेटी पाठवतात. तिथे बघणारा एका देशात आणि आंबा खाणारा दुसऱ्या देशात असतो, आणि पैसे भरणारा ज्या वेळेला जागा असतो त्या वेळेला लिंक पाठवणं फायद्याचं ठरतं.

हे सगळं म्हणजे लोकांवर पाळत नाही का, असंही विचारलं जातं. प्रश्न योग्य आहे. वाट मोजणं आणि माणूस मोजणं यांत अंतर राखलं तर पाळत होत नाही. ‘व्हॉट्सॲप, पाडवा-बुकिंग’ ही खूण वाटेची आहे, ती शंभर जणांना सारखीच. खुणेत ग्राहकाचं नाव, फोन नंबर किंवा मेलचा पत्ता घातला की ती माणसाची झाली. गुगलच्या अटींत ते निषिद्ध आहे, आणि २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडेही अशी माहिती संमतीशिवाय गोळा करणं अंगाशी येऊ शकतं. मोजणीची सूचना वेबसाइटवर स्पष्ट मराठीत लिहावी. जे मोजू देत नाहीत, किंवा ज्यांचा ब्राउझर ॲनालिटिक्सलाच अडवतो, त्यांना मोजणीबाहेर राहू द्यावं.

उरलेल्या अंधारासाठी सगळ्यांत जुना उपाय आहे: विचारणं. ऑर्डरच्या फॉर्मवर ‘आमच्याबद्दल कुठे कळलं?’ असा एकच प्रश्न, सक्ती न करता ठेवावा, आणि पर्यायांत ‘नातेवाईक किंवा मित्राने सांगितलं’ आणि ‘व्हॉट्सॲप ग्रुप’ हे वेगळे असावेत. लोकांना नीट आठवत नाही, ते शेवटचं काहीतरी सांगतात, हा या पद्धतीवरचा आक्षेप बरोबर आहे. शिवाय जे पेटी न घेता निघून गेले त्यांना आपण विचारलेलंच नसतं. पण ॲनालिटिक्स जिथे चुकतं आणि माणूस जिथे चुकतो त्या जागा वेगळ्या आहेत. फॉर्ममध्ये निम्मे लोक ग्रुपचं नाव घेत असतील आणि तक्त्यात निम्म्या ऑर्डरी ‘डायरेक्ट’मधून आतल्या पानांवर उतरलेल्या असतील, तर दोन स्वतंत्र साक्षी जुळल्या. मग ग्रुप बंद करण्याचा विचार सोडून द्यावा.

हंगामी धंदेवाल्यांसाठी शेवटची दोन कामं आहेत, आणि ती हंगाम सुरू होण्याआधीच करायची. ॲनालिटिक्समधला वेळेचा पट्टा भारताचा आहे ना ते पाहावं. तो परदेशी राहिला असेल तर रात्रीची ऑर्डर भलत्याच दिवसात जमा होते. आणि तपशीलवार माहिती किती काळ ठेवायची ही सेटिंग बदलावी. गुगल ॲनालिटिक्समध्ये ती आपोआप दोन महिने असते, आणि फुकटच्या खात्यात चौदा महिन्यांपर्यंत नेता येते. दोन महिनेच ठेवली तर या वर्षीच्या आंब्याशी गेल्या वर्षीच्या आंब्याची बारकाईने तुलना करता येत नाही. तुलनाही तारखेशी तारीख लावून करू नये. पाडवा २०२५ मध्ये ३० मार्चला होता, २०२६ मध्ये १९ मार्चला. ॲनालिटिक्सचं ‘मागच्या वर्षीशी तुलना’ हे बटण इंग्रजी तारखा जुळवतं, त्यामुळे बुकिंगच्या गर्दीचे दिवस गेल्या वर्षीच्या रिकाम्या दिवसांसमोर येतात आणि नसलेली वाढ दिसते. पुढे अक्षय्य तृतीयेनंतर नसलेली घट दिसते. दोन्ही वर्षांचा काळ हाताने निवडावा, पाडव्याच्या दिवसापासून मोजून तितकेच दिवस, आणि मग एकेका वाटेच्या ओळी शेजारी शेजारी ठेवाव्यात.